टॉर्च धरणारीचं म्हणणं

सायलेन्सर लिअँडरने स्वतः बसवला,
हे आधीच सांगून टाकते.
घेवड्याच्या डब्याचा पत्रा, दोन क्लॅम्प,
अर्धी ट्यूब काळा लेप
आणि चार दिवस अबोला.
न्यूफाउंडलंडच्या या दक्षिण किनाऱ्याला
रस्त्यावर मीठ, वाऱ्यात मीठ, धुक्यातही मीठच.
गाडी इथे म्हातारी होत नाही,
खारवली जाते
आणि मग खालून विरत जाते.

पाचव्या दिवशी त्याने किल्ली फिरवली.
फटफट गेली होती, खरं आहे,
पण गाडी थरथरायला लागली
हीव भरल्यासारखी.
आरशातलं बंदर होड्यांसकट हलत होतं.
गावात सिग्नल नाही ते बरं.
उभी राहिली की आचके द्यायची.

त्याने प्लग काढले. चारही काजळलेले,
रात्रभर जळलेल्या कंदिलाच्या काचेसारखे.
नवे घातले, दोन दिवसांत तेही तसेच.
मग पेट्रोलला नावं ठेवली,
मग पंपावरच्या सायलस पार्डीला,
मग गार्लंडला, ज्याची ही गाडी,
अल्बर्टाला निघताना जो म्हणाला होता,
तेल तेवढं बघत जा.
तेल आम्ही बघतो.

तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत काढलेल्या माणसाचे कान
फक्त टोपी अडवायला उरतात.
लिअँडर तळव्याने ऐकतो.
बॉनेटखाली हात घालून डोळे मिटतो,
लेकराचा ताप बघावा तसा.
मी टॉर्च धरते.
लग्न झाल्यापासून धरतेच आहे
आणि दर वेळी उजेड चुकीच्या जागी पडतो.

"टिक् टिक् येतंय," मी म्हणाले.
"कुठून?"
"पुढून."
"पुढे मी बोटही लावलेलं नाही."
"गार असताना येतंय. तापली की जातं."
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे,
दोघींपैकी एक खोटं बोलतेय
अशा नजरेने.

शेवटी मीच घरातला व्हॅक्युम क्लीनर ओढत आणला,
उलटा जोडला,
मागच्या नळीतून हवा सोडली.
वाटीत साबण कालवला
आणि भांड्यांच्या ब्रशने
एकेक सांधा माखत गेले, मागून पुढे.
डब्याच्या पत्र्यावर एकही बुडबुडा नाही.
हे मी त्याला दोनदा सांगितलं, मोठ्याने.
तेवढं त्याचं देणं होतं.

पुढे, इंजिनाला मॅनिफोल्ड जिथे चिकटतं,
तिथे फेस आला.
बारीक, चिवट,
खेकड्याच्या तोंडाशी येतो तसा.

मागचा बोल्ट गंजून सुटेना
म्हणून त्याने घण घातला होता.
घाव बसला मागे,
तडकलं पुढचं गॅस्केट.
त्या केसाएवढ्या फटीतून
दर ठोक्यामागे बाहेरची हवा आत चोरून शिरे,
नळीतल्या सेन्सरला तिचा वास येई,
आणि तो इमानाने वर्दी देई :
पेट्रोल कमी पडतंय, अजून सोडा.
वरून सोडलं जाई.
घास गिळवत नव्हता
तरी ताटात वाढणं चालूच.

गॅस्केट गुरुवारच्या बोटीने आलं,
ओल्या खोक्यात.
बसवताना एक स्टड तुटला.
त्या दोन तासांबद्दल
मी काही लिहिणार नाही.

रात्रभर गाडी गार होऊ दिली.
सकाळी त्याने किल्ली फिरवली,
उतरून आला, तळवा ठेवला.
मी वाकले, कान लावला.
आरशातलं बंदर जागच्या जागी.
दूर कुणाच्या तरी धक्क्यावर
समुद्रपक्षी भांडत होते, तेवढंच.

"येतंय का?"
तो माझ्या तोंडाकडे बघत होता,
ओठ हलतात का ते बघत,
असा तो कधी बघायचा
ते मला आठवावं लागलं.

टॉर्च मी विझवली नाही.
म्हटलं, "थांब.
अजून ऐकते."